पाट बंद झाला की दुर्बीण काढा : नदी-कालव्यांवरचे पाहुणे पक्षी कसे बघायचे

माझं माहेर कोपरगावच्या बाजूचं, गोदावरीच्या डाव्या कालव्यापासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे कालवा कुणी म्हणत नाही, पाट म्हणतात. पाटाला पाणी आलं की गाव जागं होतं, रात्री-अपरात्री लोक बॅटऱ्या घेऊन दारं धरायला, म्हणजे शेताला पाणी द्यायला, निघतात. पक्षी बघायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मीही पाण्याच्याच मागे धावले. पाट तुडुंब वाहतोय म्हणजे पक्षी असणारच, असा साधा हिशेब. तासभर चालायचं आणि एक खंड्या, दोन वंचक बघून घरी यायचं.

मग एका जानेवारीत आवर्तन (शेतीसाठी पाटाला पाणी सोडण्याची पाळी) संपून चार दिवस झाल्यावर सहज पुलावर थांबले. तळाशी डबकी उरली होती, मधे ओला गाळ, कडेला उघडी पडलेली पाणकणसाची मुळं. शंभर पावलांच्या त्या पट्ट्यात तीन जातींचे धोबी (वॅगटेल) होते, दोन तऱ्हेच्या तुतारी (सँडपायपर) होत्या, कडेच्या गवतात शंकर (ब्लूथ्रोट) पळत होता आणि एका डबक्याभोवती अडकलेल्या माशांसाठी बगळ्यांची पंगत बसली होती. पुलावरून हलायचं नाव न घेता मी दीड तास उभी राहिले.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पक्ष्यांच्या मागे जाऊ नका, पाण्याची पातळी वाचायला शिका. पाणी उतरतं तिथे गाळ उघडा पडतो, गाळात किडे-अळ्या-गोगलगाई असतात आणि सैबेरिया-मध्य आशियातून आलेली मंडळी जेवायला तिथेच येतात. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी कॅलेंडर नीट लावा

"थंडी पडली की पाहुणे पक्षी येतात" हे अर्धंच खरं आहे. पहिले पाहुणे भर पावसाळ्यात येतात. जुलैच्या शेवटी, ऑगस्टच्या सुरुवातीला एखाद्या ओढ्यावर हिरवी तुतारी दिसली तर दचकू नका. उत्तरेतला उन्हाळा छोटा असतो, तिथलं घरटं-पिल्लं आटोपून ती परत फिरलेली असते. भोरड्याही (रोझी स्टार्लिंग) त्याच सुमारास येऊ लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात करडा धोबी येतो, बदकांमधली सगळ्यात घाईची भुवई बदकं येतात. ऑक्टोबरात भिंगऱ्या तारांवर रांगा लावतात, माळावर आणि पाणथळीवर भोवत्या घिरट्या घालू लागतात, पाणकणसात शंकर आणि बांधावर गप्पीदास हजर होतात. बाकी बदकं नोव्हेंबरात. पट्टकदंब सगळ्यात निवांत, बहुधा डिसेंबर उजाडल्यावर.

आता गंमत अशी की लोक बाहेर पडतात ते नाताळच्या सुट्टीत. तेव्हा मोठ्या धरणांचे फुगवटे बहुतेक भरलेले असतात, गाळ पाण्याखाली असतो. बदकं दिसतात, पण चिखलात चालणारे पक्षी विखुरलेले असतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावला रोहित बघायला जाणाऱ्यांची हीच तक्रार असते, "यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत." पाऊस भरपूर झाला आणि धरण काठोकाठ भरलं की त्यांना चरायला उथळ पाणी मिळायला वेळ लागतो. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं.

माझा आवडता काळ मात्र मार्चचा शेवट आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा. ऊन असतं, कुणी फिरकत नाही आणि परतीच्या आधी पक्ष्यांनी लग्नाचे कपडे घातलेले असतात. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या पिवळ्या डोक्याच्या धोब्याचं डोकं लिंबासारखं पिवळंधमक होतं. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या मानेवर विटकरी रंग चढतो. तोच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही.

जागा : प्रसिद्ध आणि बिननावाच्या

प्रसिद्ध जागा तुम्हाला माहीत असतीलच. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे, त्यामागे गाळ साचत साचत नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ तयार झाली. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), २०२० साली जाहीर झालेलं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. भीमेवर उजनीचा फुगवटा आहे, पैठणला नाथसागर आहे. नवख्याने पहिली एक-दोन वेळा इथेच जावं, कारण संख्या भरपूर असते आणि शेजारी उभा असलेला कुणीतरी जाणकार नाव सांगतो.

पण शिकायचं असेल तर घराजवळची एक बिननावाची जागा धरा आणि तिथे वर्षभर जा. ती कशी शोधायची? मोबाइलवर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि तुमच्या गावाजवळचा पाट किंवा नदी बोटाने पुढे सरकवत जा. पाट ओढा ओलांडतो ती मोरी शोधा. पाटाचं जादा पाणी नदीत सोडतात तो एस्केप शोधा. तिथे बहुतेक वेळा एक डबकं कायम असतं. नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याची खालची बाजू बघा. फळ्या टाकल्या की वर पाणी तुंबतं आणि खाली खडक उघडे पडतात, त्यांच्यामधून पाझराचं पाणी खळाळत राहतं. करड्या धोब्याला असलीच जागा लागते.

आणि एक जागा शेतकऱ्याला नकोशी आणि पक्ष्यांना हवीशी : पाटाच्या पाझराने चिबड झालेली जमीन. पीक येत नाही, लव्हाळा माजतो, वर पांढरं मीठ फुलतं. अशा जमिनीच्या कडेला उभं राहून मी पाणलावे बघितलेत. पाणलावा इतका दबून बसतो की दिसत नाही, पायाशी आल्यावर घोगरं ओरडत वेडावाकडा उडतो. दुर्बीण लावेपर्यंत तो गेलेला असतो. मात्र कुणाच्या चिबडीत शिरून त्याला उठवत बसू नका. मालकाच्या दृष्टीने ती गेलेली जमीन आहे, तिथे आपण हौसेने फिरतोय हे त्याला बरं दिसत नाही.

मातीचा जुना पाट आणि सिमेंटचं अस्तर केलेला पाट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अस्तर केलेल्या पाटात पाणी वाचतं, शेवटच्या शेतापर्यंत पोचतं, ते हवंच. पण पक्ष्यांसाठी ते गटार होतं. निवड असेल तर मातीचा भाग धरा.

पाण्याचं वेळापत्रक मिळवा

ही पायरी बहुतेक पक्षीवेडे गाळतात आणि म्हणून त्यांची निम्मी चक्कर फुकट जाते.

रब्बीत पाटाला दोन-तीन आवर्तनं असतात, उन्हाळ्यात पुन्हा. तारखा वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर येतात, पण खरी माहिती पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे. आमच्या चारीवरचे (पाटाच्या फाट्यावरचे) पाटकरी आबा मला अजून "पाखरंवाली ताई" म्हणतात. पहिल्यांदा मी विचारलं, "आबा, पाट कधी बंद होणार?" त्यांना वाटलं माझा गहू राहिलाय. म्हणाले, "नंबर लावलाय का?" मी पक्ष्यांचं सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाणी तुटल्यावर तिसऱ्या दिवशी ये. पहिले दोन दिवस पोरं मासे धरत्यात, पाखरू टिकत नाही."

हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. तेव्हापासून माझा नियम : पाणी तुटल्यावर तिसरा ते आठवा दिवस. त्याआधी गर्दी आणि गडबड, त्यानंतर गाळ सुकून भेगा पडतात आणि किडे खोल जातात. जिथे मोरीखाली डबकं टिकतं तिथे मुदत आणखी आठवडाभर वाढते.

नदीवर वरच्या धरणांतून पाणी सुटलं की सगळा हिशेब बदलतो. दारणा-गंगापूरमधून जायकवाडीसाठी पाणी सोडलं की ते नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरूनच पुढे जातं. आदल्या आठवड्यात तुम्ही बघितलेला गाळाचा पट्टा तेव्हा पाण्याखाली असतो. अशा दिवशी पक्षी बघण्याचा नाद सोडा आणि पाण्यापासून लांबही राहा.

कोकणात आणि गोव्यात आवर्तनाचं काम समुद्रच करतो. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुवेचा कालवा, चोडणची खारफुटी, खाजण शेतांचे बांध, इथे दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. गाळावरचे पक्षी बघायचे तर भरती चढायला लागते तेव्हा पोचा. पाणी वर येतं तसे पक्षी तुमच्याकडे सरकत येतात, तुम्हाला जागचं हलावं लागत नाही. कुंभारजुव्याला पाण्याच्या अगदी कडेला मात्र जाऊ नका, तिथे मगरी आहेत. नावेतून त्या बघायला लोक पैसे देऊन येतात.

सामान : कमी, पण नीट लावलेलं

दुर्बीण ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घ्यावीशी वाटते, पण हात थरथरतो तोही दहा पटीने दिसतो आणि नजरेचा पल्ला अरुंद होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात ४२ मिलिमीटरचं भिंग कामाला येतं. खेळण्याच्या दुकानातली "शंभर पट" वगैरे लिहिलेली दुर्बीण घेऊ नका, भेट मिळाली तरी लहान मुलाला द्या.

दुर्बीण आणली की दहा मिनिटं खर्च करून ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या. लांबच्या एखाद्या पाटीकडे बघा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावं झाका आणि उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवून तीच अक्षरं उजव्याला स्पष्ट करा. ती कडी नंतर हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेले रबराचे कप आत दाबा, नाहीतर काळी वर्तुळंच दिसतील. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर तो सापडत नाही. याचा सराव घराच्या गच्चीवर कावळ्यांवर करा. कावळा फुकट असतो.

बाकी टोपी, पाणी, मळखाऊ रंगाचे कपडे, जाड तळव्याचे बूट, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पेन ओल्या बोटांनी चालत नाही. कॅमेरा नवख्याने पहिलं वर्ष घरी ठेवावा असं माझं मत आहे. फोटो काढणारा पक्ष्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो. हे मत ऐकून माझे दोन मित्र दुखावलेत, पण मी ते बदललेलं नाही.

कुठल्या काठावर उभं राहायचं

आपल्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे दक्षिण काठावर उभं राहून उत्तरेकडे पाहिलं तर ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर. उत्तर काठावरून तेच बदक काळी सावली दिसतं. ही एवढी साधी गोष्ट कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. नकाशात जागा शोधतानाच दक्षिण काठाचा रस्ता बघून ठेवा.

पाटावर शक्यतो पुलावरून सुरुवात करा. पुलाच्या कठड्याआड माणूस अर्धा झाकला जातो, वरून गाळ स्वच्छ दिसतो. पाटाच्या भरावावरून चालताना मात्र तुम्ही आकाशावर उमटलेली बाहुली असता, दोनशे फुटांवरून पक्ष्याला दिसता. त्यापेक्षा मोटरसायकल हळू चालवत न्या, थांबा, इंजिन बंद करा आणि गाडीवरच बसून राहा. रोज ये-जा करणाऱ्या गाडीला पक्षी सरावलेले असतात, गाडीवरून उतरणाऱ्या माणसाला नाही.

पहिली पाच मिनिटं दुर्बीण लावू नका. नुसत्या डोळ्यांनी कुठे हालचाल आहे ते बघा. मग डावीकडून उजवीकडे पाण्याची कड दुर्बिणीने हळूहळू वाचत जा, ओळ वाचल्यासारखी. घाईने फिरवलेल्या दुर्बिणीत निम्मे पक्षी दगड म्हणून सुटतात.

धोबी : इथून सुरू करा

शिकायला धोबी उत्तम. छोटे आहेत पण लपत नाहीत, शेपटी सतत खालीवर हलत असते आणि एकाच पाटावर चार-पाच जाती मिळतात.

आधी घरचा ओळखा. कवडा धोबी आपल्याकडे बारा महिने असतो, आकाराने सगळ्यात मोठा, डोकं काळं आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई. हा पक्का झाला की पाहुणे आपोआप वेगळे पडतात. पांढऱ्या धोब्याचा चेहरा पांढरा असतो, पाठ करडी. करड्या धोब्याची पाठ राखाडी, शेपटी सगळ्यांत लांब आणि शेपटीखाली पिवळा रंग. हा वाहत्या पाण्यातल्या दगडावरच भेटतो, साचलेल्या डबक्यावर क्वचित. पिवळा धोबी गुरांच्या पायांत, ओल्या गवतात, पाठ हिरवट. पिवळ्या डोक्याचा चिखलात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळावर.

शेवटच्या दोघांची हिवाळ्यात फार गफलत होते, कारण पिल्लं आणि माद्या दोन्हींच्या फिकट असतात. तेव्हा गाल बघा. पिवळ्या डोक्याच्या धोब्याच्या गालाला फिकट रंगाची पूर्ण चौकट असते, भुवई मागून खाली वळून गालाला वळसा घालते. पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे आणि पाठ राखाडी. पिवळ्यात ही चौकट नसते. वहीत धोब्याचं डोकं काढून ती चौकट एकदा स्वतःच्या हाताने रेखाटा. माझं चित्र बटाट्यासारखं आलं होतं, पण तेव्हापासून चूक झालेली नाही.

तुतारी : माझी दोन वर्षांची चूक

वहीच्या पहिल्या दोन वर्षांत मी पाटावर दिसेल त्या प्रत्येक तपकिरी, लांब चोचीच्या पक्ष्यापुढे "हिरवी तुतारी" लिहिलंय. त्यातल्या निम्म्या साध्या तुतारी होत्या. आता तुम्हाला ही चूक करायचं कारण नाही.

साधी तुतारी सतत अंगाचा मागचा भाग हलवत असते, जणू तिला थंडी वाजतेय. छातीवर तपकिरी डाग आणि त्याच्या नि पंखाच्या मधे पांढऱ्या रंगाची एक पाचर वर घुसलेली दिसते. ही पाचर दिसली की बाकी काही बघायचं नाही. उडाली की पाण्याला चिकटून जाते. पंख ताठ, थरथरल्यासारखे थोडे मारते आणि तरंगते, पंखांवर पांढरा पट्टा दिसतो.

हिरवी तुतारी उठली की सरळ वर जाते, उंच, मोठ्याने शीळ घालत. पाठ आणि पंखांच्या खालची बाजू जवळजवळ काळी, आणि मागे शेपटीच्या मुळाशी भक्क पांढरा ठप्पा. एकदम काळं-पांढरं काहीतरी उडालं असं वाटतं. ती बहुधा एकटी, मोरीखालच्या अंधाऱ्या डबक्यात असते.

तिसरी ठिपकेवाली तुतारी. पाठीवर पांढरे ठिपके दाट, पाय पिवळसर आणि भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब गेलेली. हिला मोकळा चिखल आवडतो आणि ती चार-सहाच्या घोळक्यात असते. उडताना पंखांखाली फिकट दिसते, हिरवीसारखी काळी नाही.

एकदा एस्केपच्या दारापाशी साधी तुतारी माझ्यापासून दहा-बारा फुटांवर आली. मी दारामागे बसले होते, तिला दिसत नव्हते. लोखंडी पट्टीवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारेखाली ती उभी राहिली, धारेतून येणारं काहीतरी बारीक टिपायची, दोन पावलं मागे जायची, पाय झटकायची, पुन्हा पुढे. डोळ्याभोवतीचं बारीक पांढरं कडं दिसत होतं. चोचीच्या टोकाला चिकटलेला गाळ तिने पायाने पुसला. पाऊण तासात तिने दारापासून हातभरही जागा सोडली नाही. तपकिरी रंगाचा, नाव न घेण्यासारखा पक्षी, पण त्या दिवसापासून मी रोहितांच्या मागे गेलेले नाही.

बदकं, थोडक्यात

बदकांवर सगळीकडे लिहिलेलं सापडतं म्हणून मी आटोपतं घेते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नरही मादीसारखे मळखाऊ असतात, तेव्हा रंगावर विसंबू नका, चोच आणि आकार बघा. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद. तलवार बदकाची मान लांब, नराची शेपटी सुईसारखी. भुवई बदकाच्या नराला पांढरी भुवई. चक्रवाक नारिंगी आणि बहुधा जोडीने. पट्टकदंबाच्या डोक्यामागे दोन काळे पट्टे. हा हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर त्याच्या उड्डाणाची नोंद झालेली आहे. आपल्याकडे आल्यावर मात्र तो काठावरच्या हरभऱ्यात शांतपणे चरत असतो. कुठलं बदक स्थानिक हे आधी पक्कं करा : चोचीवर पिवळा-लाल रंग असलेलं हळदी-कुंकू बदक इथलंच.

शेकडोंचा थवा मोजायचा तर आधी दहा मोजा, दहाचा गठ्ठा नजरेत किती जागा घेतो ते बघा आणि तो गठ्ठा थव्यावर टाकत जा. सगळे उडाले आणि गोल फिरू लागले तर वर बघा. दलदली भोवत्या किंवा कैकर असा एखादा शिकारी पक्षी आलेला असतो.

नोंद

वहीत तारीख, वेळ, जागा आणि *पाण्याची स्थिती* लिहा : पाट चालू, तुटून किती दिवस, गाळ किती उघडा. शेवटचा रकाना कुणी ठेवत नाही, आणि दोन हंगामांनंतर सगळ्यात उपयोगाचा तोच ठरतो. नाव पक्कं नसेल तर जे दिसलं ते लिहा, अंदाज लिहू नका. मोबाइलवर ईबर्डवर यादी टाकलीत तर ती देशोदेशीच्या अभ्यासकांना वापरता येते, पंधरा मिनिटांची यादीही पुरते. आवाज ओळखणारं मर्लिन अॅप मदत करतं, पण पाटाच्या खळखळाटात ते बावचळतं. त्याने सुचवलेलं नाव डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय लिहू नका.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातली पक्षीगणना. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या दरम्यान. गणनेला एकदा तरी जा. चार जाणत्यांबरोबर दोन तास उभं राहिल्यावर जे कळतं ते एकट्याला वर्षभरात कळत नाही. पायात रंगीत कडी किंवा गळ्यात पट्टा असलेला पक्षी दिसला तर रंगांचा क्रम आणि वरची अक्षरं लिहून घ्या, जमल्यास फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मंगोलियात गळ्यात पट्टे घातलेले पट्टकदंब आपल्या देशात असेच सापडले आहेत.

जीव आणि शिस्त

अस्तराच्या पाटात उतरू नका, पाणी गुडघाभर असलं तरी. सिमेंटच्या उतारावर शेवाळ असतं आणि धरायला काही नसतं. मी एकदा दुर्बिणीचं झाकण घ्यायला उतरले आणि बसल्या बसल्या थेट तळाशी गेले. पाट बंद होता म्हणून हसण्यावारी गेलं. चालू पाटात पट्टीचे पोहणारेही बाहेर येऊ शकत नाहीत.

पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्याने फिरू नका. निफाड, कोपरगाव, जुन्नर या पट्ट्यात उसात बिबटे राहतात, ही गावकऱ्यांची नेहमीची गोष्ट आहे. भरावाच्या बिळांत घोणस असते. लहान मुलं बरोबर असतील तर पुलावरच थांबा.

नाव भाड्याने घ्यायची वेळ आली तर निघण्याआधीच नावाड्याला सांगा, "दादा, थवा उठवायचा नाही, लांबूनच दाखवा." एका ठिकाणी आमच्या शेजारच्या नावेतल्या पाहुण्यांना उडत्या रोहितांचे फोटो हवे होते. नावाड्याने इंजिन वाढवून नाव सरळ थव्यात घातली. सकाळी सातपासून दहापर्यंत तोच थवा तीन वेळा उठला. हजारो मैलांच्या परतीसाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचं तेवढं खाणं गेलं. नावाडी वाईट नसतो, गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. आपण वेगळं मागायचं, आणि जास्तीचे शंभर रुपये न उठवलेल्या थव्यासाठी द्यायचे.

पाणथळीत जाळी किंवा फासे लावलेले दिसले तर वाद घालू नका. जागा टिपून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

यंदा आमच्या चारीचं आवर्तन नुकतंच संपलंय. काल आबांचा फोन आला होता, "ताई, मोरीखाली ती शेपटी हालवणारी आलीय. दोन हायेत." कोणत्या ते त्यांना सांगता येईना. सकाळी साडेसहाची एसटी धरतेय, झोपायला हवं.